मदत हवी आहे: सायकलसाठी छोटं रॅचेट कोणतं घ्यावं?

चाकोरीबाहेर
परवा निघायचं आहे, म्हणून घाईत लिहितेय. सायकलच्या मागच्या बाजूचे दोन बोल्ट अशा जागी आहेत की एलन की फिरतच नाही. जरा फिरते आणि अडते. मल्टीटूल तर आतच शिरत नाही. बिट (सुटं टोक) लावायचं छोटं रॅचेट घे, म्हणजे बोल्टातून न काढता मागे-पुढे करत फिरवायचा पाना, त्याने होईल, असं एकाने सांगितलं. बघायला गेले तर ढीगभर प्रकार. कुणाचे २४ दाते, कुणाचे ७२, कुणाला टॉर्कचा (आवळण्याच्या जोराचा) आकडा, कुणाला काहीच नाही. खिशात मावेल असं एक चांगलं नाव सांगा. निबंध नकोत प्लीज.

निवांत_नाना
कुठले बोल्ट? साइझ काय? कशामुळे अडतं?

तिरकस
निबंध नकोत म्हटलंत ना? आता ग्रंथ येतील. जागा धरून बसतो.

पाना_पक्कड
दादा, रॅचेट ही हौस आहे. बॉल एंडवाल्या लांब एलन कीचा सेट घ्या, ३ ते ८ पर्यंत. गोल टोक बोल्टात वीस-पंचवीस अंश तिरकं धरलं तरी बसतं. लांब पाय आत घालायचा आणि आखूड पाय बाहेरून फिरवायचा. वर्षानुवर्षं यावर भागतंय माझं. रॅचेटमध्ये दात्यांत अडकणारी खिटी, स्प्रिंग, खटका, काय काय असतं. बिघडायला तेवढंच निमित्त.

चाकोरीबाहेर
"लिहितेय" वाचलं असतं तर दादा म्हणाला नसतात. असो.
नाना, ५ चा एलन आहे. साधे बोल्ट. सायकल टूरिंगची.

घट्ट_आटे
नुसतं रॅचेट घेऊच नका. टॉर्क दाखवणारं घ्या, नाहीतर ४-५-६ न्यूटन मीटरला खट्‌ करून सुटणारं तरी. स्टेमवर, म्हणजे हँडल धरणाऱ्या भागावर, ५ लिहिलेलं असतं ते उगीच नाही. कार्बनच्या सीटपोस्टला अंदाजाने आवळणारे लोक मी पाहिलेत आणि नंतर पोस्टला गेलेली चीरही पाहिली आहे. ज्याच्याकडे टॉर्क रेंच नाही त्याने बोल्टाला हातच लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाना_पक्कड
आणि वाटेत बोल्ट सैल झाला तर बोल्टाची माफी मागून पुढे जायचं का?

घट्ट_आटे
तुमच्यासारख्यांमुळेच अॅल्युमिनियमच्या फ्रेमचे आटे जातात.

रानवाटा
भांडू नका. ताई, पेडल काढायचं असेल तर रॅचेटच्या नादी लागू नका. १५ चा पाना लागतो, काही पेडलना आतून ६ किंवा ८ चा एलन. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवा. उलट्या दिशेला जोर लावून लोक पाना वाकवतात.

चाकोरीबाहेर
पेडल कुठून आलं मध्येच???

त्रिज्या
धागाकर्तीचा प्रश्न कुणीच नीट घेतलेला नाही. दात्यांचा अर्थ आधी सांगते, मग नाव निवडणं सोपं जाईल.

एलन बोल्टाला सहा बाजू. म्हणजे की काढून पुन्हा बसवायची तर ती ६० अंश फिरलेली असावी लागते. त्याआधी ती दुसऱ्या खाचेत बसतच नाही. टॉर्क्सचंही तेच, तिथेही सहा पाकळ्या. फिरवायला ६० अंशांपेक्षा कमी जागा असेल तर एल कीने तो बोल्ट काढता येणार नाही, मग की कितीही भारी असो. तुमचं "जरा फिरते आणि अडते" ते बहुधा हेच.

रॅचेटमध्ये ३६० ला दात्यांनी भागा. २४ दाते म्हणजे १५ अंशांवर पुढचा दाता पकडतो. ३६ ला १०, ६० ला ६, ७२ ला ५ अंश. बोल्टातून बिट न काढता मागे-पुढे, मागे-पुढे करत राहायचं. त्यामुळे की किती अंश फिरून अडते ते मोजा. ३०-४० अंश मिळत असतील तर २४ दात्यांचंही चालेल, ७२ साठी जीव टाकू नका.

तिरकस
पहिला खंड प्रकाशित.

खटका
त्रिज्या यांना +१. पण दाते जास्त असलेलंच घ्यावं. अडचणीच्या जागी रॅचेटची थोडी मोकळी हालचालही त्या अंशांतून खर्च होते. वर हात तिरका, बोटं घामेजलेली. कागदावरचे १५ अंश प्रत्यक्षात वीसच्या घरात जातात.

पाना_पक्कड
आणि जितके दाते जास्त तितका एकेक दाता बारीक. जोर लावला की घसरलाच.

खटका
तसं सरळ गणित नसतं. खिटी एका दात्यावर टेकत नाही, चांगल्या रॅचेटमध्ये ती एकाच वेळी अनेक दात्यांवर बसते. काहींत दोन खिट्ट्या आळीपाळीने पकडतात, म्हणजे रॅचेटच्या आतल्या चाकाला ३६ दाते असले तरी काम ७२ चं होतं. बारीक दात्यांचे शत्रू दोन, धूळ आणि जाड ग्रीस. ग्रीस थापलं की खिटी चिकटते, वेळेवर पडत नाही, आणि मग घसरतं. दोन थेंब पातळ तेल पुरे.

मधली_चकती
चाकाच्या मधल्या हबमध्येही हेच चालतं. डीटी स्विसच्या हबला ३६ दात्यांचं रॅचेट असतं, ५४ चंही मिळतं. ५४ चं बसवलं तर पेडल मारताच चाक उचल घेतं. आवाजही झकास येतो. कुणी बदललं आहे का इथे?

निवांत_नाना
चकतीराव, वेगळा धागा काढा. येतो तिकडे.
ताई, तुम्ही अजून सांगितलं नाहीत, बोल्ट नेमके कशाचे? मागच्या बाजूला ५ च्या एलनचे बोल्ट सीटखाली असतात, ब्रेकला असतात, आणखीही असतात. आणि अडतं कशाला?

चाकोरीबाहेर
ब्रेकचे, मागच्या डिस्कच्या कॅलिपरचे, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागाचे. कॅरियरचा पाय आडवा येतो, दुसरं काय. वाटलं कळेल सगळ्यांना.

तिरकस
आम्ही सगळे तुमच्या कॅरियरखालीच राहतो ना.

रानवाटा
कॅरियर काढा. प्रश्न मिटला.

चाकोरीबाहेर
भरलेल्या पिशव्यांसकट? भर रस्त्यात? दर वेळी?

निवांत_नाना
"दर वेळी" म्हणजे? कॅलिपरचे बोल्ट एकदा बसवले की महिनोन्‌महिने हात लावावा लागू नये.

चाकोरीबाहेर
पंक्चर काढायला चाक काढलं की परत बसवल्यावर रोटर (चाकावरची डिस्क) पॅडला घासतो. श्शीक श्शीक. मग कॅलिपर सैल करून मधोमध आणायचा. हायड्रॉलिक आहे. क्विक रिलीजची सायकल, लिव्हरने चाक आवळायची.

निवांत_नाना
आता बोललात! रॅचेट जरूर घ्या, पण दुखणं दुसरीकडे आहे. थ्रू अॅक्सल, म्हणजे फ्रेमच्या भोकांतून आरपार जाणारा, असता तर चाक दर वेळी त्याच जागी आलं असतं. क्विक रिलीजमध्ये अॅक्सल नुसता खाचेत टेकलेला असतो, केसभर वरखाली बसला की रोटर तिरका जातो. सायकल उलटी करून चाक बसवता ना? उलट्या सायकलवर लिव्हर आवळू नका. सायकल सरळ उभी करा, लिव्हर सैल ठेवून सीटवर वरून भार द्या, अॅक्सल खाचेत पूर्ण टेकल्याची खात्री करा आणि मग लिव्हर बंद करा. बहुतेक वेळा घासणं तिथेच थांबेल. बंद करताना लिव्हरचा ताणही दर वेळी सारखाच ठेवा.

चाकोरीबाहेर
उलटी करूनच बसवते, सगळे तसंच करतात. बघते करून. पण रॅचेट हवंच आहे. वाटेत बोल्ट सैल झाला तर कशाने आवळू?

पाना_पक्कड
बॉल एंडच्या लांब कीने. पहिल्यापासून सांगतोय.

त्रिज्या
बॉल एंडने बोल्ट भराभर फिरवता येतो, शेवटचं आवळणं त्याने करू नये. गोल टोक बोल्टाच्या बाजूंना पूर्ण टेकत नाही. जोर लावला की बोल्टाचे कोपरे गोल होतात, नाहीतर टोकच मोडून आत अडकतं. आणि हा बोल्ट ब्रेकचा आहे. शिवाय कॅरियरचा पाय बोल्टाच्या समोरच असेल तर लांब पाय शिरणार कुठून?

पाना_पक्कड
मग साध्या एल कीचा आखूड पाय कापून अजून आखूड करा. ग्राइंडरवर मिनिटाचं काम. जुने मेकॅनिक हेच करतात.

खटका
ही युक्ती चांगली आहे, मानलं. पण ६० अंशांची अडचण तिथेही आहेच.

ताई, मोजपट्टी घ्या आणि दोन मापं द्या. बोल्टाच्या तोंडापासून कॅरियरच्या पायापर्यंत सरळ अंतर किती, आणि की साधारण किती अंश फिरते. रॅचेट निवडताना लोक दाते मोजत बसतात आणि डोक्याची उंची विसरतात.

घट्ट_आटे
आणि टॉर्क? कॅलिपरच्या बोल्टांना शिमानो ६ ते ८ न्यूटन मीटर सांगतं. छोट्या दांड्याच्या रॅचेटने ते कसं कळणार?

त्रिज्या
या बोल्टांसाठी छोटा दांडा सोयीचाच. हाताची पकड मध्यापासून ७ सेंटिमीटरवर धरली तर ६ न्यूटन मीटरला साडेआठ-नऊ किलोचा जोर लागतो. तळहाताने ठाम दाबलं की तेवढा होतो. लांब पान्याने बोल्ट जास्त आवळला जातो, आखूड दांड्याने ती धास्ती कमी. घरी टॉर्क रेंच असेल तर त्याने एखादा बोल्ट ६ वर आवळून बघा आणि मग तसाच रॅचेटने आवळा, हाताला अंदाज येतो.
उलट बाजूही लक्षात ठेवा. पेडलसारख्या ३५-४० न्यूटन मीटरच्या कामाला हेच रॅचेट वापरलं तर पन्नास-साठ किलोंचा जोर लागेल. तिथे ते निरुपयोगी आहे, त्यावर पाइप चढवू नका.

रानवाटा
बघा, पेडल आलं की नाही शेवटी.

चाकोरीबाहेर
मोजलं. सरळ अंतर ३२ मिमी. की चाळीसेक अंश फिरते, मग पायाला आपटते. दुसऱ्या बोल्टाला थोडी जास्त जागा आहे.

खटका
मग पाव इंची चौकोनी खुंटीचं रॅचेट बाद. त्यात आधी रॅचेटचं डोकं, त्यावर खुंटीत बसणारा अडॅप्टर, त्यावर बिट अशी उतरंड होते, ३२ मिमीत ती मावणं कठीण. डोक्यातच षटकोनी भोक असलेलं घ्या, ज्यात पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीचा बिट सरळ शिरतो. बिटाचा बराच भाग डोक्यात जातो, त्यामुळे उंची वाचते. बिट २५ मिमीचे आखूडच घ्या. सेटमध्ये ५० चे लांब बिट असतात ते इथे कामाचे नाहीत, एखादा एक्स्टेन्शन मात्र ठेवा, बाटलीच्या पिंजऱ्याच्या बोल्टांना लागतं.

नावच हवं तर वेराचं झायक्लॉप मिनी १. बिट सरळ डोक्यात, ६० दाते, लांबी ८७ मिमी. या घडणीचं दुसऱ्या कुणाचंही चालेल. पण घेण्याआधी बिट लावून डोक्यासकट उंची मोजा, ३० च्या वर गेली तर नको. अंतर बोल्टापासून मोजलंय ना, वॉशरपासून नाही?

घट्ट_आटे
टॉर्कवालं घेतलं असतं तर…

खटका
टॉर्कवाल्याचं डोकं किंवा मधला तुकडा आणखी उंच असतो, साहेब. इथे शिरणारच नाही.

मृदंग_
बिटांबद्दल कुणी बोललं नाही. सेटमधले निम्मे बिट सायकलला लागत नाहीत, ते घरी ठेवा. ३, ४, ५, ६, रोटरसाठी टी २५ (टॉर्क्स) आणि गिअर बदलणाऱ्या डिरेलरच्या लिमिट स्क्रूसाठी एक क्रॉस, बस्स. तो क्रॉस शक्यतो जेआयएसचा, म्हणजे जपानी मानकाचा घ्या. जपानी डिरेलरच्या स्क्रूत साधा फिलिप्स उसळून वर येतो आणि डोकं खराब करतो. आणि बिट सीटखालच्या पिशवीत सुटे टाकू नका, पावसात गंजतात. तेलाचं फडकं गुंडाळायचं.

पाना_पक्कड
एवढं सगळं नेण्यापेक्षा एक मल्टीटूल.

तिरकस
जे आत शिरत नाही ते?

बिनट्यूब
मुळात पंक्चरच कशाला काढता? टायर ट्यूबलेस करून घ्या, सीलंट (भोक बुजवणारा द्रव) घाला, चाक काढायची वेळच येणार नाही. मग ना घासणं, ना कॅलिपर, ना रॅचेट.

निवांत_नाना
परवा निघायचंय त्यांना. प्रवासाच्या आदल्या दिवशी कुणी ट्यूबलेस करतं का?

चाकोरीबाहेर
घेतलं. डोक्यात बिट शिरणारंच घेतलं, बिटासकट २८ मिमी भरलं. बसतंय. खटक्याचा आवाज येतो, थोडं थोडं करत पूर्ण आवळता आलं. वरच्या बोल्टाला बिट जरा तिरका जातोय असं वाटतंय पण.

नाना, सायकल उभी करून चाक बसवलं, सीटवर भार देऊन. दोनदा काढून घातलं, घासलं नाही. तिसऱ्यांदा किंचित घासलं.

निवांत_नाना
तिसऱ्यांदा लिव्हर वेगळ्या ताणाने बंद झाला असेल. आणि कॅलिपर एकदा या नव्या बैठकीला जुळवून घ्या, आधीचा उलट्या सायकलवर जुळवलेला होता. दोन्ही बोल्ट अर्धा फेरा सैल करा, ब्रेक दाबून धरा, दाबलेलाच ठेवून दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा असं केलंत तर कॅलिपर फिरतो.

त्रिज्या
बिट तिरका असताना शेवटचा जोर देऊ नका. कॅरियरच्या पायाचा खालचा बोल्ट थोडा सैल केला तर पाय दोन-तीन मिमी बाजूला सरकतो का बघा. तेवढ्याने बिट सरळ बसेल. नंतर तो बोल्ट आवळायला विसरू नका, शक्य असेल तर आटे धरून ठेवणारं निळं लॉकटाइट लावा. कॅरियरचे बोल्ट धक्क्यांनी सुटतात.

चाकोरीबाहेर
सरकला. सरळ बसतोय आता. लॉकटाइट आणायला जाते.

मधली_चकती
छान. पण कुठल्या कंपनीचं घेतलंत ते सांगा की. मलाही घ्यायचंय.