जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला एवढ्या लांबच्या गॅलेक्सी सापडतात तरी कशा?

गंगापूररोडकर
मंडळी, माझ्याकडे ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे, गच्चीवरून देवयानी गॅलेक्सी म्हणजे नुसता पुसट धब्बा, आणि ती तर फक्त २५ लाख प्रकाशवर्षांवर. मग बिगबँगनंतर जेमतेम ३० कोटी वर्षांची जेड्स-जीएस-झेड१४-० ही गॅलेक्सी शोधली कशी राव? फोटोत तर हजारो ठिपके असतात, त्यातला हाच लांबचा हे कोण सांगतं? लाल दिसला की लांबचा, एवढंच का?

मिसळ_आणि_मेसिए
नाही हो, लाल काय, जवळची धुळीने भरलेली गॅलेक्सीपण लाल दिसते. खरी खूण म्हणजे ती कुठल्या फिल्टरमध्ये गायब होते. त्या काळात सगळीकडे न्यूट्रल हायड्रोजन भरलेला, तो १२१.६ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश जवळपास सगळा गिळतो, म्हणजे तिथे प्रकाश एकदम तुटतो, एक कड पडते. विश्व पसरल्यामुळे ती कड लांब तरंगलांबीकडे ताणली जाते, रेडशिफ्ट (हा ताण मोजायचा आकडा, त्यात एक मिळवला की किती पट ते कळतं) १४ असेल तर १५ पट, म्हणजे साधारण १.८ मायक्रॉनवर. त्यामुळे वेबच्या कॅमेऱ्यात १.५ मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये त्या जागी काहीच नाही आणि २.७ च्या फिल्टरमध्ये व्यवस्थित ठिपका. हबल १.७ मायक्रॉनपर्यंतच बघू शकतो, त्याच्यासाठी ही गॅलेक्सी नाहीच. आरसा मोठा आहे ते ठीक, पण इन्फ्रारेड नसतं तर त्या आरशाचा इथे काही उपयोग नव्हता.

गंगापूररोडकर
म्हणजे न दिसण्यावरून शोधायचं! पण मग धुळीवाली गॅलेक्सी पण तशीच गायब झाली तर?

पिंपळगावचा_पक्या
होतेच की, तिथेच तर लोक फसतात. सीअर्स-९३३१६ म्हणून एक होती, २०२२ मध्ये रेडशिफ्ट १६ च्या आसपास धरली होती, केवढा गाजावाजा. पुढे स्पेक्ट्रम घेतला, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार फोडून बघितला, तर ४.९ निघाली. धूळ आणि जोरदार एमिशन लाइन्स (तापलेल्या वायूच्या ठराविक तरंगलांबीच्या चमकदार रेषा) यांनी मिळून फिल्टरमध्ये बरोब्बर तसंच सोंग घेतलं होतं. म्हणून फोटोवर सापडलेल्याला नुसता कॅंडिडेट म्हणायचं, बातमीवाले ऐकत नाहीत तो भाग वेगळा. झेड१४-० चा मात्र वेबने जानेवारी २०२४ मध्ये जवळपास दहा तास स्पेक्ट्रम घेतला, ती तीव्र कड तिथेच दिसली, आणि नंतर चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणीला तिच्यात ऑक्सिजनची रेषाही मिळाली, त्यावरून रेडशिफ्ट १४.१८ नक्की झाला. इतक्या लवकर ऑक्सिजन म्हणजे त्याआधी तारे जन्मून मेलेसुद्धा, मला तर हेच जास्त भारी वाटतं.

खोडद_फॅन
आपल्या पुणे रोडलाही याच जातीचं काम चालतं बरं का. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश. एवढ्या लांबच्या एकेका गॅलेक्सीतला हायड्रोजन त्यांनाही दिसत नाही, म्हणून २०२० मध्ये ७,६५३ गॅलेक्सींचे सिग्नल एकावर एक रचले, तेव्हा कुठे ८०० कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन वर आला. शंभर फोटो स्टॅक केले की नॉइजच्या तुलनेत सिग्नल दहापट सुधारतो, तोच हिशोब. रोडकर, तुमच्या डॉबला ट्रॅकिंग नसेल तर छोटे छोटे एक्स्पोजर घेऊन तुम्हीपण स्टॅक करा, देवयानीतल्या धुळीच्या काळ्या पट्ट्या येतील.

गंगापूररोडकर
करून बघतो. आणि २८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं ना, नाशिकवरून गाडी कोण काढतंय?

पिंपळगावचा_पक्या
मी काढतो, डिझेल कॉन्ट्री. तिथे मोबाईल बंद ठेवावे लागतील, आत्ताच सांगून ठेवतो.