संगणक सुरू होताना पडदा काळाच राहतो : बूट स्क्रीन आणि ग्राफिक्सची मांडणी कशी करावी?

प्रश्न : वाचनालय सेवक, एरंडवणे

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या वाचनालयात पुस्तकांची नोंद शोधण्यासाठी एक डेस्कटॉप ठेवला आहे. त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्सवर आधारित प्रणाली आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे आणि मॉनिटर १९२० बाय १०८० चा आहे. एकदा लॉग-इन झाले की सर्व काही स्वच्छ दिसते. अडचण त्याच्या आधीची आहे. प्रथम मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह येते, मग ग्रबची, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या कार्यक्रमाची, यादी मोठाल्या, कडा फाटलेल्या अक्षरांत दिसते, आणि त्यानंतर लॉग-इनचा चौकोन येईपर्यंत पडदा पूर्ण काळा राहतो. हा काळ दीड मिनिटाहून अधिक असतो.

वाचनालयात येणारे बहुतेक वाचक ज्येष्ठ आहेत. पडद्यावर काहीच दिसत नाही म्हणून ते यंत्र बंद पडले असे समजतात आणि बटण दाबून धरतात. असे वारंवार झाल्यामुळे डिस्कवरील फाइल प्रणाली तपासण्याची वेळ आमच्यावर आली आहे. त्यामुळे सुरू होतानाचे चित्र मला शोभेसाठी नको आहे. यंत्र चालू आहे एवढे वाचकाला समजावे, यासाठी हवे आहे. कोणती मांडणी कुठे बदलावी, हे कृपया क्रमाने सांगावे.

उत्तर : कोथरूडहून

पडदा काळा पडतो तो नेमका कोणाच्या पाळीत, हे आधी ठरवावे लागेल. सुरुवातीला पडदा फर्मवेअरच्या, म्हणजे आपण सवयीने बायोस म्हणतो त्याच्या ताब्यात असतो. तो पुढे ग्रबकडे जातो, मग लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि त्याचा ग्राफिक्स ड्रायव्हर तो घेतात, त्यांच्या आधाराने प्लायमाउथ हा कार्यक्रम फिरते चक्र दाखवतो, आणि शेवटी लॉग-इन दाखवणारा कार्यक्रम येतो. यांतील प्रत्येकाची मांडणी वेगळ्या जागी असते. त्यामुळे एका ठिकाणी रिझोल्यूशन लिहिले आणि सगळे सुधारले, असे होत नाही.

ग्रबची अक्षरे फाटलेली दिसतात याचा अर्थ फर्मवेअरने त्याला लहान रिझोल्यूशन दिले आहे. यादी दिसत असताना ‘सी’ ही कळ दाबून ‘व्हिडिओइन्फो’ ही आज्ञा द्यावी. उपलब्ध रिझोल्यूशन्सची यादी येईल आणि चालू असलेल्यापुढे तारांकन दिसेल. त्या यादीत १९२० बाय १०८० असेल, तर ‘एटीसी’ फोल्डरातील ‘डीफॉल्ट’मध्ये असलेल्या ‘ग्रब’ या फाइलीत ‘ग्रब_जीएफएक्समोड’ला ती किंमत द्यावी, ‘ग्रब_जीएफएक्सपेलोड_लिनक्स’ला ‘कीप’ लिहावे आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवावे (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने). दुसऱ्या ओळीमुळे ग्रबचे रिझोल्यूशन कर्नलकडे तसेच सोपवले जाते.

यादीत ते रिझोल्यूशनच नसेल तर फाइलीत लिहून उपयोग नाही. मग केबलकडे पाहावे. मॉनिटर स्वतःची माहिती ईडीआयडी या नोंदीतून कार्डाला कळवतो. व्हीजीएचा कन्व्हर्टर मध्ये असेल तर ही नोंद पुष्कळदा पोहोचत नाही आणि फर्मवेअर सावधपणे १०२४ बाय ७६८ वर थांबते. मॉनिटरला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल, तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून सरळ केबल आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. केबल मदरबोर्डाच्या नव्हे, तर कार्डाच्याच खोबणीत आहे ना, हेही पाहावे. बायोसमध्ये पहिला डिस्प्ले म्हणून पीसीआय एक्स्प्रेसचे कार्ड निवडलेले असावे.

बायोसमधील सीएसएम हा जुन्या पद्धतीने यंत्र सुरू करू देणारा पर्याय चालू असल्यानेही जुन्या पद्धतीची लहान रिझोल्यूशन्स मिळतात. मात्र तो बंद करण्याआधी उबुंटूमध्ये ‘सिस’ फोल्डरातील ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर आहे का, ते पाहावे. ते नसेल तर प्रणाली जुन्या पद्धतीने सुरू झालेली आहे, आणि सीएसएम बंद करताच ती सुरू होणे थांबू शकते. अशा वेळी त्याला हात लावू नये.

उत्तर : हडपसरहून

वरील उत्तराला जोडून लिहितो. ‘कॅट’ आज्ञेने ‘प्रॉक’ फोल्डरातील ‘सीएमडीलाइन’ ही फाइल वाचावी. त्यात ‘नोमोडसेट’ हा शब्द आढळला तर अर्धे उत्तर मिळाले असे समजावे. प्रणाली बसवताना पडदा येत नसेल तर तंत्रज्ञ तो तात्पुरता घालतात आणि नंतर काढायचा राहून जातो. त्या शब्दामुळे कर्नल पडद्याचे रिझोल्यूशन स्वतः ठरवणे सोडून देतो, आणि प्लायमाउथला हवा तो ग्राफिक्सचा आधार मिळत नाही. ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द मात्र तिथे असायला हवेत. ‘स्प्लॅश’ नसेल तर चित्र येतच नाही.

बदल फाइलीत लिहिण्याआधी करून पाहावा. ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून तो शब्द खोडावा आणि एफ-१० दाबावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, त्यामुळे पडदा आलाच नाही तरी यंत्र पुन्हा सुरू करताच जुनी मांडणी परत मिळते. ही सोय असताना लोक थेट फाइल बदलतात, हे मला खटकते.

एएमडी किंवा इंटेलचे ग्राफिक्स असेल तर एवढे बहुधा पुरते, कारण त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. एनव्हिडियाचा स्वतंत्र ड्रायव्हर असेल तर ‘सिस’, ‘मोड्यूल’, ‘एनव्हिडिया_डीआरएम’, ‘पॅरामीटर्स’ या वाटेने जाऊन ‘मोडसेट’ ही फाइल सुडोसह वाचावी. ‘वाय’ आले तर ठीक. ‘एन’ आले तर ग्रबच्या फाइलीत ‘क्वायट’, ‘स्प्लॅश’ असलेल्या ओळीत ‘एनव्हिडिया-डीआरएम.मोडसेट=१’ लिहावे. सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलेच कार्यक्रम सुरू होऊ देणारी बायोसमधील सोय, चालू असेल आणि ड्रायव्हरची सही नोंदवलेली नसेल, तर तो लोडच होत नाही, हेही ध्यानात असावे.

उत्तर : सदाशिव पेठेतून

पडदा काळा असणे आणि दीड मिनिट लागणे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चित्र दिसू लागले तरी दीड मिनिट थांबावे लागले तर ज्येष्ठ वाचक बटण दाबणारच. ‘सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ क्रिटिकल-चेन’ चालवून वेळ कुठे जातो ते पाहावे. सिस्टिमडी, म्हणजे सर्व सेवा क्रमाने सुरू करणारी यंत्रणा, एखाद्या डिस्कची वाट पाहते तेव्हा तिची ठरलेली मुदत ९० सेकंदांची असते, आणि आपला आकडा त्याच्या फार जवळचा आहे. सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी असलेल्या ‘एफएसटॅब’ फाइलीत काढून टाकलेल्या डिस्कची ओळ उरली आहे का, ते अवश्य पाहावे. डिस्क कधी जोडलेली आणि कधी नसलेली असेल, तर त्या ओळीत ‘नोफेल’ लिहावे, म्हणजे ती नसली तरी यंत्र पुढे जाते.

वाचनालय सेवक, एरंडवणे

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ‘नोमोडसेट’ खरोखरच होते. ‘एफएसटॅब’मध्येही बॅकअपच्या एका जुन्या डिस्कची ओळ निघाली, ती डिस्क आता कपाटात आहे. दोन्ही काढल्यावर चक्र फिरताना दिसते आणि प्रतीक्षा अगदी थोडी उरली आहे. केबल बदलल्यावर ग्रबही नीट दिसू लागले. आता चक्राखाली ‘कृपया थांबा, संगणक सुरू होत आहे’ अशी मराठी ओळ देता येईल का?

उत्तर : हडपसरहून

देता येईल, आणि ती चित्राच्या रूपात द्यावी. प्लायमाउथ चालते तेव्हा मुख्य डिस्क अजून पूर्ण उघडलेली नसते. कर्नलबरोबर आलेल्या इनिटरॅमएफएस या छोट्या संचावर ते अवलंबून असते, आणि त्या संचात देवनागरी फॉन्ट असेलच असे नाही. चित्रात जोडाक्षरे बिघडण्याचा प्रश्नच राहत नाही.

उबुंटूच्या बीजीआरटी थीममध्ये, म्हणजे सुरू होतानाच्या पडद्याच्या ठरलेल्या मांडणीत, वर दिसते ते मदरबोर्डाचे चिन्ह फर्मवेअरच देते, तर खालचे उबुंटूचे नाव ‘स्पिनर’ फोल्डरातील ‘वॉटरमार्क’ या पीएनजी चित्रातून येते. आपली ओळ पारदर्शक पार्श्वभूमीवर पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत त्याच नावाने तयार करावी. मात्र मूळ फोल्डरातील चित्र बदलू नये, कारण पुढच्या अपडेटमध्ये ते पुसले जाईल. ‘स्पिनर’ फोल्डराची वेगळ्या नावाने प्रत करावी, आतील ‘.प्लायमाउथ’ फाइलीलाही तेच नाव द्यावे, तिच्यात चित्रांच्या फोल्डराची वाट नव्या नावाने लिहावी, ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने ती फाइल आधी नोंदवून मग निवडावी आणि शेवटी ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवावे. ही शेवटची आज्ञा राहिली तर जुनेच चित्र दिसत राहते.

त्याच ‘.प्लायमाउथ’ फाइलीत ‘वॉटरमार्कव्हर्टिकलअलाइनमेंट’ ही किंमत .९६ असते, म्हणजे चित्र पडद्याच्या अगदी तळाशी येते. ज्येष्ठ वाचकांची नजर चक्राकडे असते, म्हणून ती .८५ च्या आसपास आणावी, म्हणजे ओळ चक्राच्या जवळ येईल.