शब्दचर्चा : चितळाला 'भक्षक' म्हणायचं?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
लेक नववीत आहे, मराठी माध्यमात. परवा विज्ञानाचा धडा वाचताना अडली. "बाबा, चितळ प्राथमिक भक्षक कसं? ते बिचारं गवत खातं ना!" मागच्या हिवाळ्यात पेंचला चितळांचा कळप अगदी जवळून पाहिलेला, त्यामुळे तिला हा अन्याय वाटतोय. मलाही भक्षक म्हटलं की 'रक्षकच भक्षक' तेवढं आठवतं. इंग्रजीत 'कन्झ्युमर', शेजारचा हिंदी माध्यमातला पोरगा 'उपभोक्ता' शिकतो. मग आपण 'ग्राहक' का म्हणत नाही? आणखी एक. तिनं वहीत 'ऊर्जाचक्र' लिहिलं, त्यावर बाईंनी लाल रेघ ओढली. का, ते मलाही धड सांगता आलं नाही.

प्रतिसाद १
'भक्ष्' म्हणजे नुसतं खाणं. दात-नखं त्याला आपण मागाहून लावली. दुसऱ्याला खाऊन जगतो तो भक्षक, मग नाकतोडा असो की वाघ. झडप घालणाऱ्यासाठी 'शिकारी' आहेच. ग्राहक मोजून घेतो, पटलं नाही तर परत करतो; चितळ गवताला काय मोजतं? 'उपभोक्ता'ला मराठीत चैनीचा वास येतो. मला तर भक्ष्य-भक्षक ही जोडी फार आवडते. चितळ गवताचं भक्षक आणि त्याच घटकेला वाघाचं भक्ष्य. लेकीला तूर्त 'पहिला खाणारा, दुसरा खाणारा' असं सांगा.

प्रतिसाद २
'चक्र'बद्दल बाई बरोबर आहेत. पाण्याचं, कार्बनचं, नायट्रोजनचं चक्र असतं, कारण तोच माल फिरून परत येतो. ऊर्जा परत येत नाही, म्हणून तिचा 'प्रवाह' म्हणायचा. माझी उभी नोकरी औष्णिक केंद्रात गेली. कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा वीज होऊन तारेत जायचा, बाकी शीतकरण मनोऱ्यातून आणि चिमणीतून हवेत. त्या वाफेचा पुन्हा कोळसा होत नाही. चितळाचंही तेच. खाल्लेल्यातलं काही लेंड्यांत जातं, बरंचसं धावण्यात आणि अंग ऊबदार ठेवण्यात उडतं. मांस होऊन उरतं तेवढंच वाघाच्या वाट्याला.

पर्यावरणशास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका लहानशा तळ्याचा असाच जमाखर्च मांडला, तो १९४२ साली छापून आला. पुढे त्याचा सुटसुटीत 'दहा टक्क्यांचा नियम' झाला : गवतात १०,००० किलोकॅलरी, तर पुढच्या पायरीवर १,०००, त्यापुढे १००. पोरांना गणित सोपं जावं म्हणून ठीक आहे. प्रत्यक्षात गरम रक्ताच्या प्राण्यांकडे दहाहून बरंच कमी उरतं, किड्यांकडे जास्त. (परीक्षेत मात्र दहाच लिहायचं, नाहीतर मार्क गेले.)

प्रतिसाद ३
भाऊ, मले तं 'प्रवाह' बी जमत नाही. नदी पुढं जाते तशी फुगत जाते, इथं तं उलटंच आहे. 'पाट' म्हना ना! आमच्या काटोलकडं संत्र्याच्या बगिच्यात पाटानं पानी देत होतो. मोटर चालू केली का तोंडाजवळची झाडं डबडब, मधात माती पिऊन घेते, उन्हानं उडते, अन् शेवटच्या ओळीले निस्ती ओल. वाघ काऊन कमी असतेत? शेवटच्या ओळीत हायेत म्हनून!

प्रतिसाद ४
पाट झकास! पण विहिरीचं पाणी मुरून पुन्हा विहिरीत येऊ शकतं, इथे विहीर म्हणजे सूर्य. त्याच्याकडे काही परत जात नाही, एवढा फरक लेकीला सांगा. जाता जाता, 'विघटक' (मेलेलं कुजवणारा) शब्दही सैल वापरला जातो. गिधाड विघटक नाही, ते मृतभक्षक, मेलेलं जनावर खाणारं. पावसाळ्यात आंब्याच्या कुजक्या फांदीवर कानासारखी बुरशी उगवते ना, ती खरी विघटक. तिला तोंडच नाही. पाचकरस लाकडातच सोडते, तिथेच विरघळवते आणि शोषून घेते. आणि ती पाटाच्या शेवटी बसलेली नसते. गवत मेलं तरी हजर, वाघ मेला तरी हजर.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. काटोलवाल्या भाऊंचा पाट लेकीला इतका पटला की तिनं वहीत पायऱ्यापायऱ्यांच्या ऊर्जा-मनोऱ्याऐवजी पाटच काढला. तोंडाशी गवत, मधात चितळ, शेवटी एकच वाघ, आणि पाटाच्या दोन्ही अंगांनी उडणारी वाफ. 'भक्षक' मात्र खोडून 'खाणारा' केलंय. बाईंना चालतं का, ते सोमवारी कळेल.