‘कट-सिद्धान्त’ की ‘कुभांड’?

प्रश्न (निपाणी): अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे १९ एप्रिल १९९५ रोजी एका सरकारी इमारतीसमोर उभ्या केलेल्या ट्रकमधील बॉम्बच्या स्फोटावर मी टिपण लिहीत आहे. ‘स्फोट सरकारनेच घडवला’ यासारख्या समजुतींना ‘कट-सिद्धान्त’ म्हणावे का? कन्नडमध्ये ‘पितूरी सिद्धांत’ असा प्रयोग वाचनात येतो.

उत्तर (बेळगाव): माझ्या मते म्हणू नये. मराठीत सिद्धान्त म्हणजे पुराव्यानिशी सिद्ध झालेला निष्कर्ष. ज्याला पुराव्याचा आधारच नाही त्याला हा मान देणे मला खटकते. ‘कट’ या शब्दाची अडचण त्याहून मोठी आहे, कारण या प्रकरणात खरोखरच कट होता आणि तो न्यायालयात शाबीत झाला: १६८ माणसांचा, त्यांपैकी १९ बालकांचा, बळी घेणाऱ्या या स्फोटाचा कट रचल्याबद्दल टिमोथी मॅकव्हे आणि टेरी निकल्स हे दोघेही दोषी ठरले. शाबीत कट आणि रचलेली कथा यांना एकच शब्द वापरला, तर वाचकाला दोन्ही तोलामोलाचे वाटतील. म्हणून मी ‘कुभांड’ सुचवतो.

कथेचा मुख्य आधारच पाहा. इमारतीत आधीच बॉम्ब पेरलेले होते असे म्हणणारे, भूकंपमापकावर दोन धक्के नोंदले गेले याकडे बोट दाखवतात. परंतु इमारतीचा उरलेला सांगाडा २३ मे १९९५ रोजी सुरुंग लावून पाडला, तेव्हाच्या नोंदीतही तशीच लहरींची जोडी उमटली; एकाच धक्क्याच्या लहरी जमिनीतून वेगवेगळ्या वेगाने जातात, त्यामुळे दुसरा धक्का म्हणजे दुसरा बॉम्ब असे ठरत नाही. ‘खताने एवढी इमारत पडेल कशी?’ हा प्रश्नही टिकत नाही. ट्रकमधील अमोनियम नायट्रेटमध्ये नायट्रोमिथेन हे इंधन मिसळलेले होते, आणि इंधन मिसळलेले हे खत दगडखाणींत सुरुंगासाठी वापरतातच. शिवाय दर्शनी बाजूचे वरचे खांब तिसऱ्या मजल्याच्या पातळीवरील एका आडव्या तुळईने पेलले होते. तिच्याखालचे मोजके खांब जाताच वरचा सगळा डोलारा खाली आला.

शंका (खानापूर): कुभांडात जाणूनबुजून खोटे रचणे येते. भाबडेपणाने विश्वास ठेवणाऱ्यालाही कुभांडखोर म्हणायचे का?

उत्तर (बेळगाव): आपली हरकत रास्त आहे. रचणाऱ्याचे ते कुभांड, तोंडोतोंडी पिकतात त्या कंड्या, आणि प्रामाणिकपणे मनात येतो तो संशय. ट्रक भाड्याने घेताना मॅकव्हेसोबत ‘दुसरा इसम’ होता, असे त्या दुकानातील साक्षीदाराने सांगितले होते आणि तपास यंत्रणेने त्या इसमाचे रेखाचित्रही प्रसिद्ध केले होते. तोवर तो संशयच होता. पुढे ते वर्णन दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात आलेल्या एका निरपराध सैनिकाशी जुळते, असा निष्कर्ष तपासात निघाला. त्यानंतरही ‘सरकारने साथीदाराला लपवले’ असे सांगत राहणे याला मी संशय म्हणणार नाही.

‘पितूरी’ आणि आपली ‘फितुरी’ मुळात एकच. पण मराठीत फितुरीला आपल्यातला माणूस शत्रूला मिळावा लागतो, म्हणून तो शब्द येथे परत आणू नये. टिपणात ‘मॅकव्हे-निकल्स यांचा कट आणि त्याविषयी रचलेली कुभांडे’ असे लिहावे.