‘लॉग फिरवणे’ – बरोबर शब्द कोणता?

सुपारीकातर
एका पतसंस्थेचा लिनक्स सर्व्हर आम्ही सांभाळतो. तिथल्या ऑपरेटरांसाठी मी मराठीत टिपण लिहून दिलं होतं. त्यात वाक्य होतं : ‘मेसेजेस ही लॉग फाईल दर आठवड्याला फिरवली जाते.’ लेखापरीक्षकांनी नेमकी त्याच वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, ‘कोण फिरवतं? कोणाच्या सांगण्यावरून?’

त्यांचं तरी काय चुकलं? साक्ष फिरवतात, शब्द फिरवतात, निकाल फिरवतात. नोंदी फिरवल्या म्हटल्यावर लेखापरीक्षक दचकणारच.

प्रत्यक्षात होतं ते साधं आहे. लॉग म्हणजे सर्व्हर आपल्या कामाच्या नोंदी आपोआप लिहीत जातो ती फाईल. चालू ‘मेसेजेस’चं नाव ‘मेसेजेस.१’ होतं, १ ची २ होते, २ ची ३, ३ ची ४. आधीची ४ निकालात निघते आणि ‘मेसेजेस’ नावाची कोरी फाईल उघडते. इंग्रजीत याला लॉग ‘रोटेट’ करणं म्हणतात, मराठीत क्रियापद हवंय. ‘परिवलन’, ‘परिभ्रमण’ सुचवणाऱ्यांनी आधी रात्री दहाला ऑपरेटरला फोन करून ‘आज परिभ्रमण झालं का रे?’ असं विचारून बघावं.

मुळाकाठ
आवर्तन! आमच्या राहुरीकडे कालव्याला आवर्तन सुटतं, ते रोटेशनच. पेपरात रोज छापून येतं, शेतकऱ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना कळतं. ‘लॉगचं आवर्तन झालं.’ विषय संपला.

तिरकी_मात्रा
विषय कसला संपतोय! आवर्तन म्हणजे पुन्हा तिथेच येणं. तबल्याचं आवर्तन समेवर येतं, अथर्वशीर्षाचं पहिल्या ओळीवर, कालव्याचं पाणी पुढच्या पाळीला त्याच शेतात. मेसेजेस.४ परत मेसेजेस होते का कधी? ती जाते ती जातेच.

माझं म्हणणं असं की शब्द इंग्रजीतच चुकलाय. बॅकअपच्या टेपा खऱ्या फिरायच्या : सोमवारची टेप पुढच्या सोमवारी पुन्हा वापरात. तो शब्द तिथून लॉगला चिकटला असावा. (पुरावा मागू नका, नाही.) चुकीच्या शब्दाचं बरोबर भाषांतर कशाला करता?

खडूफळा
खो! मेसेजेस १ ला खो देते, तिची जागा घेते, १ उठून २ ला खो देते… शाळेच्या मैदानावर वाढलेल्या कुणालाही कळेल. ‘लॉगला खो दिला.’

नेटके_कुलकर्णी
खडूफळा ताई, कल्पना झकास, पण क्रम उलटा. मेसेजेसचं नाव आधीच १ केलं तर जुनी १ पुसली जाईल. म्हणून शेवटाकडून सुरुवात करावी लागते : आधी ३ ची ४, मग २ ची ३, मग १ ची २ आणि सगळ्यांत शेवटी मेसेजेसची १. लॉगरोटेट (लिनक्सवर हे काम करणारा प्रोग्रॅम) तसंच करतो. तुमच्या खो-खोत शेवटचा गडी पहिल्यांदा उठेल.

आणि फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या प्रणालीवाले ही मोजणी शून्यापासून करतात. तिथे या कामाला न्यूसिसलॉग चालतो, पहिली जुनी फाईल मेसेजेस.०.

खडूफळा
मग उलटा खो. कृपया हलकं घ्या.

अण्णा_सोलापूरकर
फिरवणे, खो, आवर्तन यांच्या आधी ‘लॉग’चं बघा. ‘रोजकीर्द’ हा उत्तम शब्द पडून असताना लॉग कशाला? इंग्रजीतला लॉग म्हणजे ओंडका. गलबताचा वेग मोजायला दोरी बांधून पाण्यात टाकायचे, त्याची नोंद ज्या वहीत व्हायची ती लॉगबुक. आपण ओंडक्याला काय म्हणून कवटाळायचं? रोजकीर्द आणि पालट. ‘कीर्दपालट’. खांदेपालटासारखा सुटसुटीत शब्द.

तिरकी_मात्रा
अण्णा, ‘रोज’ फारसी आहे. ओंडका काढून तिथे फारसी बसवायची ही कसली शुद्धी?

शिवाय रोजकीर्द म्हणजे पैशाची जमाखर्चाची नोंद. ‘सिसलॉगडी (लॉग लिहिणारा प्रोग्रॅम) पुन्हा सुरू झाला’ हे कीर्दीत कुठल्या बाजूला मांडणार, जमा की नावे?

अण्णा_सोलापूरकर
चारशे वर्षं मराठीत राहिलेला शब्द मराठीच. राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्यातले किती टिकले ते आपण पाहतोच. रुळलेला शब्द वेगळा आणि काल आलेला वेगळा.

सबस्टेशन_४
लॉग काल आलेला? वीज मंडळाच्या उपकेंद्रात माझे वडील आयुष्यभर दर तासाला लॉगशीट भरत होते. सरकारी जीपला लॉगबुक असतंच. ‘लॉग भरला का’ हे आमच्या घरातलं वाक्य. तिथे कीर्द म्हटलं असतं तर लाईनमन हसले असते.

दप्तरी_दाखल
अवांतर : फारसी निघालंच आहे तर ‘दप्तर’ घ्या. फारसीत ते ग्रीकमधून आलं, आणि ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ कातडं. म्हणजे पोरं पाठीवर मूळचं कातडंच घेऊन शाळेत जातात. यावरून सुचलं, ‘कात टाकणे’ का नको? साप तोच, कात मागे राहते. सर्व्हर तोच, जुनी फाईल मागे राहते.

सुपारीकातर
‘सर्व्हरने कात टाकली’ असं लिहिलं तर लेखापरीक्षक नवा सर्व्हर कुठल्या खर्चात घेतला ते विचारतील.

नेटके_कुलकर्णी
शब्द कुठलाही घ्या, पण त्यात ‘नाव बदललं’ आणि ‘लिहिणं थांबलं’ या दोन गोष्टी एक करू नका. सगळा घोळ तिथेच होतो. फाईलचं नाव ही नुसती पाटी. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने एकदा फाईल उघडली की त्याचा संबंध आयनोडशी, म्हणजे पाटीमागच्या खऱ्या फाईलशी. तुम्ही मेसेजेसचं मेसेजेस.१ केलंत तरी सिसलॉगडी निवांतपणे त्याच फाईलमध्ये लिहीत राहतो आणि नवी मेसेजेस शून्य बाईटची पडून राहते. त्याला एचयूपी (हँगअप) सिग्नल द्यावा लागतो, मग तो नव्या फाईलकडे वळतो. इंजिनएक्स या वेबसर्व्हरला यूएसआर१ हा सिग्नल द्यायचा. (एचयूपी ही मुळात लाईन तुटल्याची खबर. टर्मिनल फोनच्या तारेवर असायचं तेव्हाची. आता तिचा अर्थ ‘वही बदल’ झालाय. शब्दांचं असंच असतं.)

लॉगरोटेटमध्ये ही कामं पोस्टरोटेट (रोटेट झाल्यावर करायचं ते) याखाली लिहितात. डिलेकॉम्प्रेस (फाईल उशिरा आवळून लहान करणं) ठेवतात तेही याचसाठी : काही प्रोग्रॅम जुन्या फाईलमध्ये थोडा वेळ लिहीत राहतात, म्हणून ती लगेच आवळायची नाही, पुढच्या खेपेला आवळायची.

एका ठिकाणी ऑपरेटरने जागा होत नाही म्हणून जुनी लॉग फाईल सरळ उडवली. डिस्कवरची जागा सांगणारा डीएफ म्हणतोय डिस्क भरलेली, फाईलींची बेरीज करणारा डीयू म्हणतोय फाईलच नाहीत. प्रोग्रॅमने ती धरून ठेवलेली होती. तो पुन्हा सुरू केल्यावर जागा सुटली. अशा पोराला ‘कात टाकली’ सांगितलंत तर त्याला वाटेल सापाचा आणि कातेचा संबंध संपला.

मुळाकाठ
मग अण्णांचा खांदेपालटही बाद. खांदेपालटात ओझं तेच, खांदे बदलतात. इथे लिहिणारा तोच, वही बदलते.

तिरकी_मात्रा
लॉगरोटेटमधला कॉपीट्रंकेट हा पर्याय विसरलात. त्यात नाव बदलतच नाही. मजकुराची नक्कल काढतात आणि मूळ फाईल तिथल्या तिथे रिकामी करतात. सिग्नल न समजणाऱ्या प्रोग्रॅमसाठी सोय. नक्कल आणि रिकामी करणं यांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी मात्र गेल्या. त्याला कुठला पालट म्हणणार? पाटी पुसणं म्हणा.

गोडाबाई_लंडन
सगळं वाचलं. आमच्याकडे मराठी पोरं सरळ ‘लॉग रोटेट केले’ म्हणतात आणि कामाला लागतात. रोटेट करणे हे आता मराठी क्रियापद आहे. पार्क करणे, चार्ज करणे, फॉरवर्ड करणे कुणाला खटकतं?

अण्णा_सोलापूरकर
मला.

सबस्टेशन_४
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सुपारीकातर
गोडाबाई, पटतंय. पण लेखापरीक्षकांना ‘रोटेट’चा अर्थ विचारला तर ते ‘फिरवणे’च सांगतात. पुन्हा पेन्सिल.

सध्या ‘सारणे’वर आलोय. ‘दर आठवड्याला लॉग एक घर मागे सारला जातो, पाचव्या घराला जागा नाही.’ क्रियापद आहे, मराठी आहे, फोनवर बोलता येतं : ‘लॉग सारले का?’

खडूफळा
पुरणाचं सारण आठवलं. तरी आवडलं.

नेटके_कुलकर्णी
सारणे चालेल. घरांचा आकडा मात्र बदला. सोबत येणाऱ्या लॉगरोटेट.कॉन्फ या सेटिंगच्या फाईलमध्ये बहुधा वीकली आणि रोटेट ४ असतं, म्हणजे चालू फाईल सोडून जुन्या चार, साधारण महिनाभराच्या नोंदी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. आठवड्याच्या हिशेबाने २६ घरं धरली तर १८२ दिवस भरतात. लेखापरीक्षक ‘कोण फिरवतं’ यावर थांबले हे तुमचं नशीब, ‘चारच का’ हे विचारलं असतं तर पेन्सिलीवर भागलं नसतं.

सुपारीकातर
ते आजच बदलतो. त्या निर्देशांत ‘१८० दिवस’ या शब्दांच्या आधी जो ‘रोलिंग’ हा शब्द आहे त्याला काय म्हणू? लोळते?

दप्तरी_दाखल
सरते. ‘सरते १८० दिवस’. सारणे आणि सरते, जोडी जमली.

तिरकी_मात्रा
‘सरत्या वर्षात’ म्हणजे संपत आलेल्या वर्षात. सरते १८० दिवस म्हणजे मुदत संपत आली असं वाटेल. ‘कोणत्याही दिवशी मागचे १८० दिवस’ असं सरळ लिहा. एका शब्दाचा अट्टहास सोडा.

निवृत्त_टंकलेखक
आत्ता वाचला धागा. तुम्ही सगळे पुढे सरकवण्याचं बोलताय, पण शेवटची फाईल जी ‘निकालात निघते’ त्याला सरकारी शब्द आहे. निंदणीकरण. आम्ही कचेरीत सहा गठ्ठे पद्धतीने कागद लावायचो. अ वर्ग कायमचा, ड वर्ग एका वर्षाचा. मुदत भरलेले कागद निवडून काढणं म्हणजे अभिलेखांचं निंदणीकरण आणि मग नाशन. शेतातलं तण काढावं तसं. तुमच्या यंत्राला अ-ड कळत नाही, तो आकडा बघून काढतो, म्हणून तुमचं काम सोपं.

मुळाकाठ
वा! पण काका, निंदणी कशी, खुरपणी म्हणा ना. आमच्याकडे खुरपणीच म्हणतात.

निवृत्त_टंकलेखक
मी यवतमाळचा. आमच्याकडे निंदणच. खुरपं हे अवजाराचं नाव, काम निंदण्याचं.

खडूफळा
कोकणात बेणणी. आजी भाताची बेणणी करायला पहाटे निघायची. निंदणी हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला, आणि निंदा केल्यासारखा वाटला.

अण्णा_सोलापूरकर
निंदणीचा निंदेशी संबंध नाही. गुजरातीतही ‘नींदण’ आहे, हिंदीत ‘निराई’. बेणणी कुठून आली ते सांगा.

सुपारीकातर
मंडळी, टिपण सोमवारी द्यायचंय. सारणे पक्कं करू का?

मुळाकाठ
खुरपणीत तण मुळासकट निघतं, निंदणीत वरवर निघतं असं आमचे चुलते म्हणतात.

निवृत्त_टंकलेखक
तुमच्या चुलत्यांना एकदा यवतमाळला कपाशीच्या शेतात पाठवा, मग बोलू.