हार्मोनच्या इंजेक्शननंतरचा ठणका: तुम्ही नेमकं काय करता?

प्रोजेस्टेरॉन किंवा टेस्टोस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं आठवडेच्या आठवडे चालतात. थोड्याच दिवसांत कुल्ले असे धरतात की कुशीवर झोपणंही नको होतं. ज्यांनी ही इंजेक्शनं दिली-घेतली आहेत, त्यांनी कृपया नेमकं लिहा: कितीची सुई, कुठे, किती वेळ, नंतर काय. औषध, डोस किंवा जागा बदलायची तर आधी डॉक्टरांना विचारायचं, हे सगळ्यांसाठी गृहीत धरू.

* * *

मी तेलापासून सुरू करते. प्रोजेस्टेरॉन बहुधा तिळाच्या तेलात किंवा इथाइल ओलिएटमध्ये असतं, टेस्टोस्टेरॉन सायपिओनेट सरकीच्या तेलात, टेस्टोस्टेरॉनचाच दुसरा प्रकार अनडिकॅनोएट एरंडेलात. गार तेल घट्ट असतं. ते रेटून ढकलावं लागतं आणि स्नायूत पसरण्याऐवजी एका जागी गोळा होऊन बसतं. म्हणून व्हायल (औषधाची छोटी बाटली) दोन्ही तळव्यांत पाच ते दहा मिनिटं धरून ठेवा, किंवा काखेत. मायक्रोवेव्ह नको, उकळतं पाणी नको. कोमट पाण्यात उभी केलीत तर रबरी बूच कोरडं राहिलं पाहिजे.

सुया दोन लागतात. तेल ओढायला १८ गेज, टोचायला २२ किंवा २३ गेज, साधारण दीड इंची (आकडा वाढेल तशी सुई बारीक). एकाच सुईने दोन्ही कामं करू नका. बुचाच्या रबरातून गेलेल्या सुईचं टोक बोथट होतं, शिवाय तिच्या अंगाला बाहेरून तेल लागलेलं असतं. ते वाटेत त्वचेखाली पुसलं जातं आणि वरच्यावर आग होत राहते. बारीक म्हणून २५ गेज घेतलीत तर चालते, पण तेल फार सावकाश जातं, अंगठा दुखून येतो.

* * *

देणाऱ्यांसाठी. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करा आणि वरच्या, बाहेरच्या भागातच टोचा. खाली किंवा मध्याकडे सरकलात तर सायटिक नस असते. कुल्ल्याच्या बाजूची जागा त्याहून सुरक्षित. उजवी बाजू असेल तर डाव्या हाताचा तळवा खुब्याच्या बाहेरून लागणाऱ्या हाडावर ठेवा, अंगठा जांघेकडे, तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर, मधलं बोट मागे फाकवा. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात टोचायचं. पहिल्यांदा नर्सकडून पेनाने खूण करून घ्या.

घेणाऱ्याने पालथं झोपून पायांचे अंगठे एकमेकांकडे वळवावेत. उभं राहायचंच असेल तर सगळा भार दुसऱ्या पायावर. ताठरलेल्या स्नायूत टोचलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट दुखतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, निदान अर्धा मिनिट. ओल्यातच टोचलं तर तेच आत जाऊन झोंबतं.

सुई एका झटक्यात, काटकोनात, पूर्ण आत. भीत भीत अर्धी घातली की तेल चरबीत राहतं आणि तिथेच गाठ धरते.

* * *

वेग! एका मिलीलिटरला कमीत कमी दहा सेकंद, मनात मोजून. तेल संपल्यावर आणखी दहा सेकंद सुई तशीच ठेवा आणि मग सरळ बाहेर काढा. घाईने काढली की भोकातून तेलाचा एक पिवळसर थेंब वर येतो.

टेस्टोस्टेरॉन अनडिकॅनोएटचं चार मिलीचं इंजेक्शन दवाखान्यातच घेतात, ते तर दोन मिनिटं घेऊन देतात. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसा. खोकल्याची उबळ आली किंवा दम लागला तर लगेच सांगा.

* * *

तो थेंब थांबवायला एक युक्ती: टोचण्याआधी दुसऱ्या हाताने कातडी दोन-तीन सेंटीमीटर बाजूला ओढून धरा, सुई काढली की लगेच सोडा. वरचं भोक आणि आतली वाट एका रेषेत राहत नाहीत, तेल आतच कोंडतं. असं दिलं असेल तर त्या जागेवर चोळू नका, फक्त कापूस दाबून धरा आणि दहा-पंधरा मिनिटं चाला.

* * *

ताई, चोळण्याबद्दल थोडं वेगळं मत आहे. साध्या पद्धतीने दिलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या तेलाला मिनिटभर हलक्या हाताने चोळणं आणि दहा-पंधरा मिनिटं कोमट शेक, याने दुसऱ्या दिवशीचा ठणका चांगलाच उतरतो. मात्र तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनला चोळू नका, शेकूही नका. ते हळूहळू सुटावं म्हणूनच बनवलेलं असतं.

बर्फ लावायचा तर टोचण्याआधी, मिनिट-दोन मिनिटं. बधिर कातडीवर लगेच गरम पिशवी ठेवू नका. चटका बसतो आणि कळतही नाही. भ्रूण-प्रत्यारोपणाच्या (आयव्हीएफमध्ये गर्भाशयात भ्रूण ठेवतात त्याच्या) आसपास शेक फक्त कुल्ल्यावर द्यावा, पोटावर नाही. दुखण्यावर आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, पॅरासिटामॉल चालेल का ते विचारा.

* * *

पोटात घ्यायच्या इंजेक्शनांचं कुणी लिहिलं नाही. एफएसएचचं (अंडी वाढवणाऱ्या हार्मोनचं) पेन फ्रिजमधून काढून वीस-तीस मिनिटं बाहेर ठेवा. पावडरीचं एचएमजी (हेही अंडी वाढवायलाच) झोंबतं, त्यामुळे सोबत दिलेलं द्रावण घालून हलकेच गोल फिरवा (हलवून फेस काढू नका), पूर्ण विरघळू द्या आणि सावकाश द्या. बेंबीपासून पाच सेंटीमीटर लांब, चिमटीत कातडी धरून. सेट्रोरेलिक्सनंतर (अंडी वेळेआधी सुटू नयेत म्हणून देतात ते) लाल चट्टा आणि खाज येते, बहुधा थोड्या वेळात जाते. इथे चोळू नका, काळंनिळं पडतं.

* * *

गाठीबद्दल. बोटाखाली सुपारीसारखी टणक लागते, दाबली की दुखते, पण वरची कातडी नेहमीच्या रंगाची आणि गार असते. ही तेलाची गाठ, जिरायला कित्येक आठवडे लागतात. त्या जागी पुन्हा टोचू नका. तिथे तेल शोषलं जात नाही, गाठच वाढते.

कातडी लाल, खाजरी, फुगलेली, आणि तेही दोन्ही बाजूंना सारखंच? मग तेलाचीच ॲलर्जी असू शकते. तेल बदलून मिळतं, उगाच सोसू नका. तीळ किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर पहिल्या डोसच्या आधीच सांगा.

एकाच बाजूला गरम लाल फुगा, दिवसागणिक वाढता ठणका, ताप किंवा पू: त्याच दिवशी डॉक्टर. टोचताना पायात वीज गेल्यासारखी कळ आली तर लगेच सुई काढा, दुसरी घ्या, जागा बदला. पाय बधिर राहिला तर दाखवा.

* * *

एक वही ठेवा. तारीख, डावा की उजवा, वर की बाजूला, गाठ आहे का. आजची जागा मागच्या खुणेपासून निदान अडीच सेंटीमीटर लांब हवी. आठव्या-नवव्या दिवशी डोळ्यांना खूण दिसत नाही, तेव्हा वहीच सांगते कालचं कुठे दिलं होतं.