मदत हवी आहे: ढवळण्याचा आलेख सपाट झाला, तरी डिफ्युजन (रेणूंचं कॅटॅलिस्टपर्यंत पोचणं) अडतंय का?

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी रिफाइन्ड सोयाबीन तेलाचं हायड्रोजनेशन (दुहेरी बंधांना हायड्रोजन जोडून तेल घट्ट करणं) करतोय. छोटा ऑटोक्लेव्ह (दाब सहन करणारं बंद भांडं), सिलिकावरचा निकेल कॅटॅलिस्ट, १६० अंश, ३ बार. आयोडीन व्हॅल्यू (तेलात दुहेरी बंध किती याचं माप) १३० वरून ७५ पर्यंत उतरवायची आणि ट्रान्स फॅट कमीत कमी ठेवायचं. (२०२२ पासून ट्रान्सवर २ टक्क्यांची मर्यादा आल्यावर नुसतं 'तूप गोठलं' म्हणून भागत नाही.)

स्टररचा वेग वाढवला तसा आधी रिॲक्शनचा वेगही वाढला, पण ९०० आरपीएमच्या पुढे काहीच फरक नाही. गाइड सर म्हणतात, डिफ्युजनचा अडसर संपला असं लिहून टाक. मला पटत नाहीये. जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफीत) ट्रान्स भरपूर दिसतंय, आणि लिनोलिक (दोन दुहेरी बंध) बरंच शिल्लक असतानाच स्टिअरिकही (एकही नाही) चढायला लागतं.

माझा गोंधळ असा. तेलात ट्रायग्लिसराइड (तेलाचा मूळ रेणू) लिटरला साधारण १ मोल, विरघळलेला हायड्रोजन मात्र त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. निकेलवर हायड्रोजनची टंचाई झाली की अर्धवट हायड्रोजन जोडलेली साखळी तो हायड्रोजन परत सोडून देते, दुहेरी बंध पुन्हा तयार होतो आणि बऱ्याचदा ट्रान्स होतो. इथवर ठीक. पण टंचाईत स्टिअरिक कमी व्हायला हवं ना? इथे उलटंच. कॅटॅलिस्टच्या पत्रकात छिद्रांचा सरासरी व्यास ४ नॅनोमीटर दिलाय, आणि ट्रायग्लिसराइडचा रेणूच दीड-दोन नॅनोमीटरचा. तो ओलिक अवस्थेत (एक दुहेरी बंध) बाहेर पडायच्या आतच पुन्हा हायड्रोजन घेत असेल का? हायड्रोजनची टंचाई आणि अरुंद छिद्रं असे दोन्ही अडसर एकदम असू शकतात का, आणि वेगळे कसे काढायचे?

प्रतिसाद:
असू शकतात. आलेख सपाट झाला याचा अर्थ ढवळून जेवढं मिळायचं तेवढं मिळालं, एवढाच. काही मायक्रॉनचे कण तेलाबरोबरच वाहतात, त्यांच्याभोवतीच्या थराला आरपीएमने फारसा फरक पडत नाही. छिद्रात तर ढवळणं पोचतच नाही.

आरपीएम कायम ठेवून कॅटॅलिस्टचं प्रमाण बदला. १/वेग विरुद्ध १/कॅटॅलिस्टचं वजन असा आलेख काढा. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो वायूतून तेलात शिरण्याचा अडसर. छेद शून्याजवळ आला तर तो प्रश्न मिटला. रेषेच्या चढात मात्र कणांभोवतीचा थर, छिद्रं आणि रिॲक्शन तिन्ही एकत्र असतात. तुलना नेहमी एकाच आयोडीन व्हॅल्यूला करा, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

आणि तापमान खरंच १६० राहतंय ना? उष्णता काढली नाही तर आयोडीन व्हॅल्यूच्या दर एककामागे तेल दीडेक अंशाने तापतं. वनस्पती तुपाच्या प्लांटवर आमचं अर्धं लक्ष कूलिंग कॉइलकडेच असायचं. तापमान चढलं की ट्रान्सही चढतं, आणि दोष जातो डिफ्युजनला.

धागाकर्ता:
धन्यवाद काका! तापमान सुरुवातीला चढतं खरं, नोंदी तपासतो. कण १० मायक्रॉनचे आहेत. छिद्रांसाठी दळून आणखी बारीक करू का?

प्रतिसाद:
दळू नका, गाळताना रडाल. त्यापेक्षा निकेल तेवढंच पण छिद्रं मोठी असा नमुना पुरवठादाराकडून मागवा. स्टिअरिक उतरलं तर तुमचा संशय खरा. ट्रान्ससाठी बाकी सगळं तसंच ठेवून दाब दुप्पट करा; टंचाई असेल तर ट्रान्स खाली येईल.

त्याआधी तेलातला फॉस्फरस आणि गंधक तपासून घ्या. फॉस्फॅटाइड (तेलातले फॉस्फरसयुक्त घटक) छिद्रांच्या तोंडाशी बसून ट्रायग्लिसराइडची ये-जा अडवतात, आणि गंधकाने बाधलेलं निकेल ट्रान्स वाढवतं. रिफाइन्ड म्हणून आणलेल्या तेलाचं ब्लीचिंग कच्चं असेल, तर तुमची दोन्ही लक्षणं तिथूनही येऊ शकतात.

धागाकर्ता:
हे डोक्यातच आलं नव्हतं. तेलाचा नमुना उद्याच तपासायला देतो, मोठ्या छिद्रांचा कॅटॅलिस्ट मिळाला की आकडे इथेच टाकतो.